राखणदाराला कुंकू

अश्विनदादाला गोदावरीच्या घाटावर बेदम मारलं, तेव्हा मी तिथे होते. मीच त्याला स्कूटरवरून सायखेड्याला घेऊन गेले होते. त्याचे दोन्ही भाजलेले हात कोपरापर्यंत पट्ट्यांत बांधलेले होते. त्याला साधा हँडल धरता येत नव्हता. मारणाऱ्यांना ते दिसत होतं.

त्याच्याबद्दल लिहायला बसले की आधी तो घाट येतो. म्हणून तो आधी सांगून टाकला. आता त्याच्याकडे वळते.

त्याचा जन्म एकलहऱ्याचा. वडील वीज केंद्रात ठेकेदाराकडे, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. एकदा कोळसा दळणाऱ्या मिलमध्ये भडका उडाला आणि वडिलांच्या जोडीदाराचा चेहरा गेला. अश्विन तेव्हा शाळेत होता. तो माणूस पुढे त्यांच्या घरी चहाला यायचा. वस्तीतली पोरं दाराआड लपायची. अश्विनला मात्र वडील त्याच्यासमोर बसवायचे.

"बघ. धूळ काय करते ते नीट बघ."

आयटीआय झाल्यावर तोही वीज केंद्रात ठेकेदाराकडेच लागला. लग्न झालं, मुलगी झाली, तरी ठेकेदाराकडेच. मग आमचा प्रकल्प निघाला आणि तो मिलचा ऑपरेटर म्हणून आला.

प्रकल्प सायखेड्याच्या रस्त्याला आहे. छोटा, प्रयोगापुरता. द्राक्षबागांच्या छाटणीच्या काड्यांपासून विमानाचं इंधन करायचं. हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसले होते. मी मराठीची एम.ए. सूचनांच्या पाट्या आणि माहितीपत्रकं लिहायला मला घेतलं होतं. पहिल्या दिवशी अश्विनदादानं मला सगळं फिरून दाखवलं.

"हे बघा, कवयित्रीबाई. काडी आली. तिच्यातली तार काढली. कुट्टी केली, वाळवली, दळली. ही भुकटी गेली भट्टीत. पण जाळायची नाही. हवा इतकी कमी द्यायची की ती पेटूच शकत नाही. मग तिचा वायू होतो. वायूचं मेण होतं. मेण फोडलं की इंधन."

"मी कविता करत नाही."

"एम.ए. मराठी ना? मग कधीतरी कराल."

त्यानं एक बाटली हातात दिली. आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी होतं. वास विझलेल्या मेणबत्तीचा, तोही पुसट.

"ही काडी बांधावर जळून गेली असती," तो म्हणाला. "ओझरकडून विमान गेलं की आमची सृष्टी विचारते, पप्पा, हे तुमचं का? मी म्हणतो, थांब. आपलं अजून तपासणीलाच जायचंय."

मिलपाशी गेल्यावर त्याची थट्टा थांबली. छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्यांवर बारीक भुकटी साचली होती.

"पिठासारखी दिसते ना? हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर बंदुकीची दारू आहे ही."

ठिणगी कशी मिळते तेही त्यानं सांगितलं. बागेत वेल तारेला बांधलेले असतात. छाटणीत काडीबरोबर तारेचे तुकडे येतात. बायका ते हातानं वेचतात. पुढे लोहचुंबक असतं. तरी एखादा तुकडा मिलमध्ये जातोच. मिलमधून भुकटी पट्ट्यावर पडते, त्या पट्ट्याच्या वर एक काळी डबी बसवली होती. डबीला भिंग. पट्ट्यावर ठिणगी दिसली की डबी मिल बंद करायची आणि पाणी सोडायची.

"हा मिलचा डोळा," तो म्हणाला. "आपला राखणदार. हा आंधळा झाला तर आपण मेलो."

हेच तो प्रत्येकाला सांगायचा. रोज सकाळी शिडीवर चढून तो भिंग पुसायचा. भिंग मळलं की खाली एक पिवळा दिवा लागायचा आणि बझर वाजायचा. छाटणीच्या दिवसांत एवढी धूळ असते की बझर सारखाच वाजत राही. पाहुणे आले की मॅनेजर शामसुंदर साहेब कानावर हात ठेवायचे. एक दिवस ते म्हणाले, "अश्विन, ती कटकट काढ." अश्विनदादानं बझरची तार काढली. दिवा राहिला. दिव्याकडे कोण बघतंय.

तार वेचणाऱ्या बायकांच्या पुढारी नवसाबाई. त्यांचा मुलगा दिनेश मिलवर अश्विनदादाच्या हाताखाली होता. बहिणीचं लग्न ठरवायचं आणि एक मोटरसायकल चकचकीत ठेवायची, एवढंच त्याच्या डोक्यात. अश्विनदादाला तो भाऊ म्हणायचा. दुपारचे डबे दोघांचे एकत्र. नवसाबाईंचं कालवण अश्विनदादा बोटं चाटून खायचा आणि वर म्हणायचा, "मावशी, मीठ कमी पडलं." त्या म्हणायच्या, "तुझ्या बायकोला सांग घालायला."

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती. अश्विनदादानं सकाळपासून मिल धुतली, पुसली. दिनेशनं झेंडूच्या माळा बांधल्या. आरतीची तयारी झाली तेव्हा अश्विनदादा खांद्याला पिशवी अडकवून फाटकाकडे निघाला होता.

"आश्विन, धुतलंस लय झ्याक. आता थांब की आरतीला," नवसाबाई म्हणाल्या.

"गाडी चुकेल मावशी. नागपूरला चाललोय. उद्या आमचा पण सण आहे. दीक्षाभूमीवर जायचंय."

"मंग जाता जाता हात तरी जोड."

"हात सगळे धुण्यात झिजले."

लोक हसले. दिनेश ओरडला, "भाऊ, तुमच्या वाटचा नमस्कार मी करतो!"

"नमस्कार तू कर. खोबरं माझ्यासाठी ठेव."

तो गेला. आरती झाली. नवसाबाईंनी मोटरीला, मिलला, कुट्टी यंत्राला हळदकुंकू लावलं. मग त्या वर बघत थांबल्या.

"समद्यांना लावलं. अन् राखणदाराला नाय?"

दिनेशनं शिडी धरली. त्या वर चढल्या. ओलं कुंकू भरपूर घेऊन अनामिकेनं भिंगावर लावलं. वर अक्षता चिकटवल्या. म्हणाल्या, "ध्यान ठेव रं बाबा माझ्या लेकरांवर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दसऱ्याला सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी काड्यांचा ढीग फाटकाबाहेर गेला होता. अश्विनदादाची नागपूरहून येणारी गाडी उशिरानं धावत होती. साहेब म्हणाले, "चालू करा, दिनेश चालवेल." दिनेशनं मिल चालू केली. भिंग पुसायला तो शिडीवर चढला होता का, कुणाला माहीत नाही. चढला असेल तर आईनं लावलेलं कुंकू पुसायला त्याचा हात झाला नसेल. हा माझा अंदाज. त्याला आता विचारता येत नाही.

अश्विनदादा नाशिकरोडवरून थेट आला. पिशवी खांद्यावरच होती. त्यानं मला एक छोटी बुद्धमूर्ती दाखवली, सृष्टीसाठी घेतलेली. बोलत बोलत आम्ही मिलच्या शेडच्या दाराशी पोचलो. आत गेल्यावर त्यानं सवयीनं वर बघितलं. मग खाली दिव्याकडे. दिवा पिवळा होता.

पिशवी त्याच्या खांद्यावरून पडली.

"दिनेश! बंद कर! बंद कर!"

दिनेश वरच्या फलाटावर होता. कानात बोळे. त्यानं भाऊला बघितलं, हसला, हात वर केला.

अश्विनदादा लाल बटणाकडे धावला. तो पोचला नाही.

पहिला आवाज लहान होता. दार आपटावं तसा. त्या धक्क्यानं कैच्यांवरची सगळी भुकटी खाली आली. शेड तपकिरी झाली. मग दुसरा आवाज. तो मी ऐकला असं म्हणता येणार नाही. मी बाहेर काड्यांच्या ढिगात पडले होते आणि छपराचे पत्रे आकाशात होते. ते फार सावकाश खाली येत होते.

दिनेश स्वतःच्या पायांनी जिना उतरून आला. तो पेटलेला होता. माझ्याजवळच बाहेर फेकला गेलेला अश्विनदादा पुन्हा आत धावला. त्यानं दिनेशला कवेत घेतलं, बाहेर ओढलं, जमिनीवर लोळवलं. दिनेशचा शर्ट म्हणून त्यानं जे धरलं होतं तो शर्ट नव्हता. ते त्याच्या हातात आलं. नवसाबाई तार वेचण्याच्या शेडमधून धावत आल्या. दिनेशला ओठ नव्हते. तरी तो बोलला.

"आय, लय गरम व्हतंय."

दुसऱ्या दिवशी तो गेला.

दहाव्याला अश्विनदादानं जायचं ठरवलं. त्याची बायको नको म्हणाली. मी नको म्हणाले. तो म्हणाला, "त्यानं माझ्या वाटचा नमस्कार केला होता. मी एवढं तरी करतो."

सायखेड्याच्या घाटावर पिंड ठेवला होता. कावळे समोरच्या झाडावर बसले होते. खाली येत नव्हते. माणसं एकेक इच्छा बोलून बघत होती.

"तुझ्या बहिणीचं लग्न थाटात करू."

कावळे हलले नाहीत.

"तुझी गाडी इकणार नाय."

नाहीत. दिनेशचे वडील पिंडासमोर हात जोडून बसून होते. ऊन चढलं. मग दिनेशचा मामा खंडेराव मागे वळला. अश्विनदादा सगळ्यांच्या मागे, वरच्या पायरीवर उभा होता.

"कसा शिवल? मारणारा हितंच उभा हाय की."

सगळ्यांनी वळून बघितलं.

"अख्ख्या कारखान्यानं हात जोडले. हा पिशवी घेऊन निघून गेला. अन् माघारी पाऊल टाकलं तसा भडका. बघितलंय लोकांनी."

"मामा, मी दिनेशसाठी आलोय," अश्विनदादा म्हणाला.

"कुणाचा मामा रं?"

पहिली थप्पड खंडेरावानं मारली. पुढे कुणी कुणी मारलं ते मला सांगता येत नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा मला दिसले तेवढे मी सांगितले. तो पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. त्याला आधाराला हात टेकवता येत नव्हते. त्याला लाथा घातल्या. एकानं त्याच्या हाताच्या पट्टीवर पाय ठेवला आणि पाय फिरवला. जातीवरून जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. फिर्यादीत लिहिलंय. मी मध्ये पडले तर कुणीतरी माझी वेणी मनगटाला गुंडाळून मला मागे ओढलं.

"पोरी, तू बाजूला हो. तुझं काम नाय हे."

एकानं लाकूड आणलं. बरगडीवर बसलं तेव्हा वाळलेली काडी मोडल्यासारखा आवाज आला.

मग गर्दी बाजूला झाली. नवसाबाई आल्या. पाय अनवाणी, हातात चप्पल. त्या त्याच्या छातीशी गुडघे टेकून बसल्या आणि त्याच्या तोंडावर चप्पल मारू लागल्या. एकेका शब्दाला एक.

"भाऊ. म्हणायचा. तुला. माझा. दिनेश."

त्याच्या नाकातून रक्त आलं. तो फक्त "मावशी" म्हणाला. तेवढंच. पुन्हा पुन्हा.

"शिवला! कावळा शिवला!"

मागून कुणीतरी ओरडलं. सगळे वळले. पिंडाजवळ आता कुणीच नव्हतं आणि तिथे दोन कावळे भात खात होते. मारणं थांबलं. लोकांनी हात जोडले. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. खंडेराव म्हणाला, "बघा. म्हणलं नव्हतं?"

अश्विनदादा पाण्याच्या कडेला तसाच पडून होता.

दवाखान्यात दोन दिवसांनी त्यानं मला विचारलं, "कावळा शिवला म्हणे."

"हो."

"बरं झालं." पुढे म्हणाला, "सगळी माझ्याकडे पळाली, म्हणून त्यांना जागा मिळाली असेल." तो हसला. बरगडी दुखली. मग हसणं थांबलं.

शामसुंदर साहेब सफरचंदं घेऊन आले. खुर्ची जवळ ओढून हळू बोलले.

"चौकशी लागली आहे. तू त्या वेळी जागेवर नव्हतास, एवढंच सांग. बझरचा विषय काढू नकोस. पुढचं मी बघतो तुझं."

ते गेल्यावर अश्विनदादानं सफरचंदांची पिशवी कोपरानं बाजूला सारली.

"खंडेराव म्हणतो हात जोडले नाहीत. साहेब म्हणतात जागेवर नव्हतो. दोघांचं म्हणणं एकच आहे. दिनेशला मी मारलं."

"तुला माहीत आहे कशानं झालं ते."

"भिंग लाल होतं. तांदूळ चिकटलेले होते. बघितलं मी." त्यानं माझ्याकडे बघितलं. "ते कुणी लावलं ते तुला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. पण भिंगाला कुंकू लागलं की काय होतं, ते कुणालाच माहीत नाही."

"सांगणार आहेस?"

"सांगितलं तर तिला कळेल की तिच्याच बोटानं झालं. नाही सांगितलं तर खुनी मी. सृष्टीला शाळेत पोरं विचारतात, तुझ्या पप्पानं माणूस जाळला का."

मी पाण्याचा पेला त्याच्या तोंडाशी धरला.

"तू म्हणशील गप्प बस. मग लोक म्हणतील, काय मोठ्या मनाचा माणूस. देवमाणूस. मला देव व्हायचं नाही. आमच्यात ते नसतंच." या वेळी तो हसला नाही. "मी सांगणार. बझरचं पण. तो मीच काढला होता. पण मावशीला ते तिथे, चार लोकांत ऐकायला लागता कामा नये. आधी मी तिला सांगणार."

पट्ट्या निघाल्या. नवी कातडी गुलाबी आणि पातळ होती. आम्ही पुन्हा सायखेड्याला गेलो. 

नवसाबाई ओट्यावर छाटणीच्या कात्रीला दगडावर धार लावत होत्या. खंडेराव आत खाटेवर झोपला होता. त्यांनी वर बघितलं. धार लावणं थांबवलं नाही.

"कशाला आलास? केस केलीस ना आमच्यावर?"

"केली."

"माझं बी नाव घातलंस."

"मारलं होतंत तुम्ही, मावशी."

"मारलं."

तो ओट्याच्या पायरीवर बसला. त्यानं सगळं सांगितलं. भिंग कशासाठी असतं. कुंकू लागल्यावर त्याला काय दिसत नव्हतं. दिवा लागला होता. बझर वाजला नाही, कारण बझर त्यानं काढला होता आणि साहेबांनी काढायला लावला होता. तो एकदाही थांबला नाही. थांबला असता तर पुढे बोलू शकला नसता.

दगडावरचा आवाज केव्हा बंद झाला ते मला कळलं नाही.

"तूच म्हणला व्हतास, राखणदार हाय."

"मीच म्हणालो होतो."

"काचंला काय लावू नका, असं कधी म्हणला नायस."

"नाही म्हणालो. कुणी लावेल असं डोक्यातच आलं नाही."

"माझ्या बी नाय आलं." त्यांनी उजवा हात समोर धरला. अनामिकेकडे बघितलं. आवाज अगदी साधा होता. "ह्याच बोटानं लावलं की मी."

आणि त्यांनी कात्री डाव्या हातात घेऊन ते बोट पात्यांत घातलं.

अश्विनदादानं झडप घातली. त्याचा हात पात्यांच्या मध्ये गेला. कात्री मिटली. धार नव्या कातडीवर थांबलीच नाही, आत गेली. रक्त ओट्यावर, दगडावर, नवसाबाईंच्या लुगड्यावर उडालं. तो ओरडला आणि तरी त्यानं हात काढला नाही. त्या ओढत होत्या. तो धरून होता.

खंडेराव आवाजानं बाहेर आला. त्याला एवढंच दिसलं की बहिणीच्या अंगावर रक्त आहे आणि तिचा हात अश्विनदादानं धरलाय. त्यानं त्याच्या मोडलेल्या बरगडीवर लाथ घातली. अश्विनदादा ओट्यावरून खाली पडला. कात्री त्याच्या हातातच अडकलेली होती. खंडेरावानं पुन्हा पाय उचलला.

"खबरदार हात लावलास तर!"

नवसाबाई मध्ये उभ्या होत्या. घाटावर अश्विनदादाच्या अंगावर आला होता तोच आवाज. आता तो भावावर आला होता.

"अगं, पण त्यो तुला..."

"कात्री माझी हाय. व्हय मागं!"

त्यांनी त्याच्या हातातून कात्री सोडवली. पदर टर्रकन फाडला आणि त्याचा हात बांधला. इतका आवळून की तो कळवळला. त्याच्या तोंडाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"कशाला मधी आलास रं?" त्या गाठीकडे बघत म्हणाल्या. "कापू द्यायचं व्हतंस."

त्याचे दात एकमेकांवर वाजत होते. मी त्याला स्कूटरवर बसवलं आणि माझ्या कमरेला त्याचा चांगला हात ओढणीनं बांधला, पडू नये म्हणून.

चौकशी नाशकात होती. नवसाबाईंना बोलावलं नव्हतं. त्या आल्या. खंडेराव त्यांच्या मागे होता. अश्विनदादानं जे ओट्यावर सांगितलं होतं तेच सांगितलं, बझर धरून. शामसुंदर साहेब म्हणाले, आपण तोंडी असं काही सांगितल्याचं आठवत नाही. भिंगावर कुंकू कुणी लावलं, असा प्रश्न आला. अश्विनदादा म्हणाला, "पूजेत लागलं." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाला.

दाराशी बसलेल्या नवसाबाई उठल्या.

"मी लावलं."

अधिकाऱ्यांनी त्यांना पुढे बोलावलं. नाव विचारलं. मृताशी नातं विचारलं. त्यांनी सांगितलं. 

"त्यामुळे उपकरण बंद पडेल याची तुम्हाला कल्पना होती का?"

"नाय. ह्यांना व्हती." त्यांनी साहेबांकडे बोट केलं. तेच बोट. "दिवा कशाचा हाय, घंटा कशाची हाय, समदं ठावं व्हतं. घंटा वाजली असती तर मी तवाच शिडीवरनं पदरानं पुसलं असतं. पोरगं खालीच उभं व्हतं माझं, शिडी धरून."

मग त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. साहेब रुमालानं चष्मा पुसत होते.

बाहेर जिन्यात खंडेरावानं अश्विनदादाला गाठलं.

"आता झालं ना? माझ्या बहिणीनं साक्ष दिली तुझ्यासाठी. केस मागं घे."

"नाही."

"नाय म्हंजे?"

"घाटावर मारलंत. ते वेगळं आहे. त्याचा या खोलीशी संबंध नाही."

खंडेरावाचा हात वर गेला. जिन्यातले लोक थांबले. नवसाबाई दोन पायऱ्या खाली होत्या. त्या मागे न वळता बोलल्या.

"नको घेऊ मागं. माझं बी नाव राहू दे त्यात."

खंडेरावाचा हात तसाच वर राहिला. मग त्यानं तो भिंतीवर आपटला आणि एकटाच निघून गेला.

अश्विनदादाची दोन बोटं आता वळत नाहीत. त्या हातानं त्याला घास घेता येत नाही. प्रकल्प बंद आहे. पुन्हा सुरू होईल असं म्हणतात. सृष्टी अजून विमानांकडे बघते, पण विचारत नाही.

चौकशीच्या त्या दिवशी आम्ही तिघं बसच्या एकाच थांब्यावर उभे होतो. नवसाबाई एका टोकाला, अश्विनदादा दुसऱ्या. मी मध्ये.  सायखेड्याची बस आली. बसला गर्दी होती, दोन्ही दारांना माणसं लटकलेली. नवसाबाई चढताना अडखळल्या. अश्विनदादानं चांगला हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. दांडा धरला आणि चढल्या.

बस निघून गेली. एकलहऱ्याची बस यायला वेळ होता. तो वाट बघत उभा राहिला.